दुब्रोवनिक: तटाआड एका वेळी किती माणसे?

२०२३च्या उन्हाळ्यात एक बातमी जगभर फिरली. क्रोएशियातल्या दुब्रोवनिकच्या तटाआडच्या जुन्या शहरात चाकांची बॅग ओढत नेली तर दंड होणार, आणि दंडाचा आकडाही सोबत दिलेला. दोन-चार दिवसांत नगरपालिकेने खुलासा केला की असा काही नियमच नाही. पर्यटकांना दाखवायच्या एका चित्रफितीत फक्त विनंती होती: गल्ल्यांच्या दगडी फरशीवर बॅग ओढू नका, उचलून न्या, खडखडाटाने माणसांची झोप उडते. बातमी ज्यांनी वाचली त्यातल्या बहुतेकांपर्यंत खुलासा पोहोचलाच नाही. या उन्हाळ्यात युरोपला निघालेले लोक अजूनही विचारतात, तिथे बॅग चालते ना?

बॅग चालते. पण ही विनंती करायची वेळ का आली, हे समजून घ्यायला गेल्या तीस-पस्तीस वर्षांत डोकवावे लागते. दगडांचा इतिहास त्याहून खूप जुना असला तरी आजचे नियम दगडांतून आलेले नाहीत.

जुने थोडक्यात. १९४० मीटर लांबीचा तट, जमिनीच्या बाजूला चार ते सहा मीटर जाड, समुद्राकडे बराच पातळ. आत व्यापाऱ्यांचे प्रजासत्ताक. तेव्हाचे नाव रागुसा. सुरुवातीला व्हेनिसचा अंमल, १३५८ नंतर नावापुरता हंगेरीच्या राजमुकुटाचा आणि पुढे ऑटोमन सुलतानाचा. सुलतानाला दरसाल साडेबारा हजार डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, खंडणी मोजायची आणि त्या बदल्यात त्याच्या मुलखात व्यापार करायचा, हा या शहराचा खरा तट होता. सोन्याच्या मोलानेही स्वातंत्र्य विकू नये, असे लोव्रियेनाच किल्ल्याच्या दारावर लॅटिनमध्ये कोरले आहे. खंडणीच्या पावत्या मात्र तिथे कोरलेल्या नाहीत. ६ एप्रिल १६६७च्या भूकंपात शहर कोसळले, आज दिसणारा मुख्य रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंची एकसारखी घरे त्यानंतरची. हा तट लढून कोणी घेतला नाही. १८०६च्या मे महिन्यात फ्रेंच फौज दाराशी आली, तेव्हा आतल्यांनी दार उघडले. दीड वर्षाने, जानेवारी १८०८मध्ये, प्रजासत्ताक एका हुकमाने बरखास्त झाले.

या जुन्या काळातली एक गोष्ट मात्र २०२० नंतर आपल्यालाही ओळखीची वाटेल. १३७७ साली या शहराने ठरवले की साथीच्या मुलखातून येणाऱ्याने आधी जवळच्या बेटावर किंवा त्साव्तात गावी महिनाभर राहावे आणि मग आत यावे. तीस दिवस. चाळीस दिवसांचा, म्हणजे ज्यावरून 'क्वारंटाइन' शब्द आला तो, हिशेब पुढचा. प्लोचे दरवाजाबाहेरचे लाझारेती, म्हणजे जुने विलगीकरण-गृह, अजून उभे आहे आणि बहुतेक पर्यटक ते न पाहता पुढे जातात.

आपल्याकडचा धागा शोधणाऱ्यांना मार्गदर्शक हमखास गोव्याची गोष्ट सांगतात. कुंभारजुव्याजवळच्या गवंडाळीत सांव ब्राझची म्हणजे सेंट ब्लेझची चर्च आहे आणि हाच संत दुब्रोवनिकचा रक्षणकर्ता. सोळाव्या शतकात रागुसाच्या व्यापाऱ्यांनी तिथे वसाहत केली, आपल्या शहरातल्या चर्चची नक्कल बांधली आणि त्यांची वस्ती बारा हजारांपर्यंत गेली होती, असे सांगतात. रागुसाची माणसे पोर्तुगिजांच्या गोव्यात होती, यात नवल काही नाही. नकलेचा दावा मात्र टिकत नाही. दुब्रोवनिकमध्ये आज दिसणारी सेंट ब्लेझची चर्च १७०६च्या आगीत जुनी जळाल्यावर बांधली गेली, १७१५ साली पूर्ण झाली. सोळाव्या शतकातल्या गोवेकरांनी तिची नक्कल कशी करावी? आणि बारा हजार माणसे बाहेर धाडायला तेवढ्याशा प्रजासत्ताकाकडे ती असायला तर हवीत. दोन्ही गावे ३ फेब्रुवारी या एकाच संताच्या दिवसाने जोडलेली आहेत, एवढे मान्य करायला कोणाची हरकत नसावी.

प्रवाशाच्या खिशाला थेट भिडणारी जुनी तारीख १६९९ची आहे. कार्लोवित्झच्या तहात रागुसाने आपल्या हद्दीच्या दोन्ही टोकांना जमिनीच्या पट्ट्या ऑटोमनांकडे जाऊ दिल्या, कारण शेजारी व्हेनिस नको होते. मधे तुर्कांचा पट्टा असेल तर व्हेनिसची फौज जमिनीवरून येणार नाही, असा हिशेब. त्यातला उत्तरेचा पट्टा म्हणजे नेउम. साम्राज्ये गेली, युगोस्लाव्हिया आला आणि गेला, पण ती रेघ राहिली. त्यामुळे आज बोस्नियाला वीस-पंचवीस किलोमीटर समुद्रकिनारा आहे आणि दुब्रोवनिक उरलेल्या क्रोएशियापासून जमिनीने तुटलेले आहे. स्प्लिटहून निघालेली बस वाटेत दोनदा सीमा ओलांडायची.

भारतीय पासपोर्टवाल्यांना हे प्रकरण फार डाचले असते. १ जानेवारी २०२३पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आले. बोस्निया शेंगेनमध्ये नाही. एकदाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन स्प्लिट ते दुब्रोवनिक जाताना नेउममध्ये शिरलात तर तुम्ही शेंगेनबाहेर पडलात, परत आत येण्याचा हक्क संपला. ही वेळ आली नाही ती २६ जुलै २०२२ला खुल्या झालेल्या पेल्येशात्सच्या पुलामुळे. हा २४०४ मीटरचा पूल नेउमला वळसा घालतो. पैसा बहुतांश युरोपीय संघाचा, बांधणारी कंपनी चिनी, आणि नेउमकडे जाणाऱ्या जहाजांचा मार्ग अडेल म्हणून बोस्नियाने बरीच वर्षे कुरबुर केली. मॉन्टेनेग्रोतल्या कोतोरला एका दिवसाची सहल करणाऱ्यांना मात्र तीच अट आजही लागू आहे. दक्षिणेच्या सीमेवर वळसा घालणारा पूल नाही.

आता १९९१. क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केल्यावर ऑक्टोबरमध्ये युगोस्लाव सैन्याने शहराला वेढा घातला. जागतिक वारसा म्हणून १९७९पासून नोंदलेल्या आणि लष्करी तळ नसलेल्या या शहरावर कोणी तोफा डागणार नाही, असा अनेकांचा समज होता. ६ डिसेंबरला सर्वांत जबर मारा झाला. नंतरच्या पाहणीत जुन्या शहरातल्या ८२४ इमारतींपैकी ५६३ना गोळे लागल्याचे आढळले, नऊ इमारती आगीत पूर्ण गेल्या. धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत शहराचे नाव चढले ते १९९८पर्यंत राहिले. पुढे हेगच्या न्यायालयात दोन वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या.

तटावर चढलात की हे सगळे छपरांवर वाचता येते. फिकट, डागाळलेली, पिवळट-तपकिरी कौले म्हणजे वेढ्यातून वाचलेली. भडक नारिंगी कौले म्हणजे नंतर घातलेली. जुनी कौले जवळच्या भट्टीत बनत, ती भट्टी केव्हाच बंद पडली होती, म्हणून परदेशातून कौले आणावी लागली आणि रंग जुळला नाही. आता ऊन-पावसाने नवी कौलेही उतरत चालली आहेत. आणखी वीसेक वर्षांनी हा फरक ओळखू येणार नाही.

युद्धानंतर शहराकडे विकायला दुसरे काही नव्हते. कारखाने नाहीत, मोठे बंदर नाही, उरला फक्त तट. त्यामुळे पर्यटनाची वाट धरली गेली, आणि ज्यांनी ती धरली त्यांना दोष देणे सोपे नाही. खाटा भरायला हव्या होत्या, हॉटेले निर्वासितांनी भरलेली होती. मग क्रूझ आल्या. क्रूझचा प्रवासी हॉटेलात राहत नाही, जेवतोही जहाजावरच. सकाळी उतरतो, पिले दरवाजातून आत शिरतो, मुख्य रस्त्यावरून चालतो, आइस्क्रीम खातो, दुपारी परत. २०१३च्या सुमारास असे प्रवासी वर्षाला दहा लाखांच्या घरात गेले. त्याच काळात 'गेम ऑफ थ्रोन्स' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचे चित्रीकरण इथे झाले आणि शहर दुसऱ्याच नावाने ओळखले जाऊ लागले. लोव्रियेनाचखाली उभे राहून मालिकेतल्या राजधानीचे नाव घेणारे पर्यटक शहराचे खरे जुने नाव घेत नाहीत, याची स्थानिकांना चीड येते. ती रास्त आहे.

आणि इथेच तो आकडा येतो, ज्यावर आजवर सर्वांत जास्त शाई खर्च झाली: आठ हजार.

वारसास्थळाची पाहणी करायला २०१५मध्ये तज्ज्ञांचे पथक आले होते. तटाच्या आत एका वेळी आठ हजारांहून जास्त माणसे नसावीत, अशी त्यांची शिफारस. यातला 'एका वेळी' हा शब्द फार महत्त्वाचा होता आणि नेमका तोच गळाला. वर्तमानपत्रांनी लिहिले, 'दिवसाला आठ हजार'. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एका वेळी आठ हजार म्हणजे सकाळी आठ हजार आले, दुपारी गेले, संध्याकाळी दुसरे आठ हजार आले, तरी नियम पाळला गेला. दिवसाला आठ हजार म्हणजे दुपारनंतर दार बंद. पहिला नियम गर्दीचा आहे, दुसरा संख्येचा. पहिल्याने व्यापाऱ्यांचे काही बिघडत नाही, दुसऱ्याने दुकाने बसतात. त्यामुळे दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचा अर्थ घेतला.

२०१७च्या निवडणुकीनंतर नव्या महापौरांनी आकडा आणखी खाली आणला: एका वेळी चार हजार. टाळ्या पडल्या. पण या चार हजारांत कोण मोजायचे? तटाच्या आत राहणारा? शाळेतून येणारी मुले? वेटर, सफाई कामगार, मासे विकायला आलेली बाई? ते पाहुणे नाहीत, पण गल्ली त्यांच्याही अंगाने भरते. दरवाजांवर कॅमेरे लागले, ते आत-बाहेर जाणारी डोकी मोजतात. डोक्यावर पाहुणा की गावकरी, हे लिहिलेले नसते.

२०१९पासून चार हजार हा आकडा पुन्हा कानावर आला, पण आता त्याचा अर्थ तिसराच. क्रूझ कंपन्यांच्या संघटनेशी समझोता झाला: एका वेळी दोनच जहाजे आणि त्यांतून उतरणारे प्रवासी चार हजारांच्या आत. कुठे हाच आकडा पाच हजार छापला गेला. म्हणजे आठ हजार हे तटाच्या आतल्या सर्व माणसांसाठी, आधीचे चार हजार आतल्या पाहुण्यांसाठी आणि नंतरचे चार-पाच हजार केवळ जहाजावरून उतरणाऱ्यांसाठी. तीन वेगळी मापे, आणि वाचणाऱ्याला वाटते की एकच मर्यादा वर-खाली होते आहे. 'दुब्रोवनिकने पर्यटकांवर मर्यादा घातली' हे वाक्य त्यामुळे खरेही आहे आणि खोटेही. विमानाने किंवा बसने आलेल्या माणसाला आकडा भरला म्हणून वेशीवर अडवण्याची व्यवस्था या समझोत्यात नाही. अडवतात ती जहाजे, तीही समुद्रात नव्हे, वर्ष-दोन वर्षे आधी वेळापत्रकात.

या वेळापत्रकानेच खरा फरक पडला, असे माझे मत आहे. शनिवारी सकाळी सहा जहाजे एकदम आणि मंगळवारी एकही नाही, ही पूर्वीची तऱ्हा मोडली. सोबत चौकांतल्या उपाहारगृहांची टेबले कमी केली, आठवणवस्तूंच्या बहुतेक टपऱ्या उठवल्या. टपरीवाल्यांनी आरडाओरडा केला आणि त्यांचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. जहाजे आणली मोठ्यांनी आणि जागा सोडली छोट्यांनी.

दुसरा गोंधळ तिकिटाचा. जुन्या शहरात जायला पैसे पडत नाहीत, तटावर चढायला पडतात. २०१९मध्ये २०० कुना, युरो आल्यावर २०२३मध्ये ३५ युरो. म्हणजे तटाचे तिकीट दक्षिण युरोपातल्या बऱ्याच नामांकित संग्रहालयांहून महाग. तटाच्या तिकिटाच्याच दरात शहराचा पास मिळतो, त्यात तट, संग्रहालये आणि बस धरलेली असते, म्हणून निव्वळ तटाचे तिकीट काढण्यात अर्थ नाही. तटावर एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट, चालायचे असते. मागे फिरून राहिलेला फोटो काढता येत नाही. उन्हाळ्यात सावली जवळजवळ नाही. सकाळी दार उघडताच चढावे, किंवा बंद व्हायच्या दोन तास आधी.

जे आकड्यांत कधीच नीट मोजले गेले नाहीत ते आत राहणारे. १९९१च्या सुमारास तटाच्या आत पाच हजारांच्या आसपास वस्ती होती. आज दीड हजार धरली तरी जास्त होईल. तोफांनी जेवढी माणसे बाहेर काढली नाहीत, तेवढी भाड्याच्या खोल्यांनी काढली. आजीचे घर वारसाने आले, ते रोजच्या भाड्यावर दिले, त्या पैशात बाहेर मोठा फ्लॅट घेतला. हा व्यवहार कोणावर लादलेला नाही, प्रत्येक घराने तो राजीखुशीने केला. मग किराणा दुकान गेले, चांभार गेला, तिथे चॉकलेट आणि मालिकेतल्या सिंहासनाची प्रतिकृती आली. बॅगांच्या चाकांचा आवाज पहाटे चारला त्रास देतो तो या उरलेल्यांना.

२०२४च्या अखेरीस नगरपरिषदेने जुन्या शहरात खोल्या भाड्याने द्यायचे नवे परवाने बंद केले. आधीचे परवाने चालू आहेत.