हाताने चालते, स्क्रिप्टमधून का चालत नाही?
फाइलच्या कमांड स्क्रिप्टमधून चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कमांड काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) टाइप केली तेव्हा चालली. तीच ओळ स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कमांडच्या फाइलमध्ये, टाकली, रात्री दोनची वेळ लावली आणि सकाळी बॅकअपचे फोल्डर रिकामे. आम्हाला येणाऱ्या फोनपैकी बरेचसे याच तक्रारीचे असतात. कमांड बहुधा बरोबरच असते. पण ती तुम्ही चालवता तेव्हा तुमचे लॉगिन, तुम्ही उघडलेले फोल्डर, जोडलेले ड्राइव्ह आणि काही विचारले तर ‘वाय’ दाबायला तुमचे बोट, हे सगळे हजर असते. रात्री दोन वाजता यातले काहीही नसते.

(छपाईच्या सोयीसाठी कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अक्षरे आणि आकडे इंग्रजी घ्या.)

पाथ अर्धा लिहू नका

टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅममध्ये) ‘स्टार्ट इन’ हा रकाना रिकामा सोडला, तर स्क्रिप्ट साधारणपणे विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमधून सुरू होते. तुम्ही नुसते फाइलचे नाव लिहिले असेल तर ती बिचारी ते तिथेच शोधत बसते. म्हणून ड्राइव्हच्या अक्षरापासून पूर्ण पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, लिहा.

‘झेड:’ सारखी नेटवर्क ड्राइव्ह तुमच्या लॉगिनपुरती जोडलेली असते. कोणी लॉगिन नसताना किंवा दुसऱ्या खात्याने स्क्रिप्ट चालली, की तिच्या लेखी झेड नावाची ड्राइव्हच नाही. तिथे \\सर्व्हर\शेअर\फोल्डर असा दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा पत्ता द्या, आणि ज्या खात्याने स्क्रिप्ट चालते त्याला तिथे लिहायची परवानगी आहे का, तेही पाहा.

नावात मोकळी जागा असेल तर पाथ अवतरणचिन्हांत हवा, हे बहुतेकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे: रोबोकॉपीला (फाइलची नक्कल करणारी विंडोजची कमांड) "डी:\जुनी बिले\" असा पाथ दिला, तर शेवटचा बॅकस्लॅश पुढच्या अवतरणचिन्हाला चिकटतो आणि पुढची सगळी ओळ पाथचाच भाग समजली जाते. शेवटचा बॅकस्लॅश काढून टाका. आणि कमांड वर्डमधून किंवा चॅटमधून उचलून चिकटवू नका. तिथली बाकदार अवतरणचिन्हे दिसायला छान असतात, पण कमांडला ती अवतरणचिन्हे वाटतच नाहीत.

प्रश्न विचारणाऱ्या कमांड

एक्सकॉपीने (नक्कल करणारी दुसरी कमांड) एकच फाइल अजून नसलेल्या ठिकाणी पाठवली, की ती विचारते: हे फाइलचे नाव की फोल्डरचे? उत्तर द्यायला कोणी नसेल तर काम तिथेच अडते. अनेकजण यावर ‘/आय’ हा स्विच (कमांडला जोडायची सूचना) लावतात, पण एकट्या फाइलसाठी त्याचा उपयोग होत नाही. फोल्डरच हवे असेल तर इथे मात्र पाथच्या शेवटी बॅकस्लॅश द्या. जुन्या फाइलवर नवी लिहायची परवानगी ‘/वाय’ ने आधीच देऊन ठेवा.

रोबोकॉपी प्रश्न विचारत नाही, ती वाट पाहते. कोणी एक्सेलची फाइल उघडी ठेवून घरी गेले, तर मुळात ठरलेल्या आकड्यांप्रमाणे ती १०,००,००० वेळा पुन्हा प्रयत्न करते, प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून. हिशेब केला तर नुसती वाट पाहण्यातच सुमारे ३४७ दिवस जातात! आम्ही प्रत्येक स्क्रिप्टमध्ये ‘/आर:२ /डब्ल्यू:५’ लिहितो, म्हणजे दोनदाच पुन्हा प्रयत्न, दर वेळी ५ सेकंद थांबून. तुम्ही स्वतः ओळ बदललीत तर एवढे तेवढे काढू नका.

१ म्हणजे चूक नव्हे

कमांड संपताना मागे एक आकडा ठेवते. बहुतेक कमांडमध्ये ० म्हणजे काम झाले आणि दुसरे काहीही म्हणजे गडबड. रोबोकॉपीचे तसे नाही. तिचा ० म्हणजे नेण्यासारखे नवीन काही नव्हते, १ म्हणजे फाइल नीट गेल्या, २ म्हणजे पोहोचवायच्या ठिकाणी जास्तीच्या फाइल आढळल्या, ३ म्हणजे दोन्ही. ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच काहीतरी जायचे राहिले.

हे आम्हीही ठेच लागून शिकलो. आमची एक जुनी स्क्रिप्ट १ ला चूक समजून रोज रात्री ‘बॅकअप अयशस्वी’ असा मेल पाठवत होती. आठवडाभरात ते मेल कोणी उघडेना. मग एका रात्री खरोखरच ८ आला, आणि तो मेलही न वाचताच पडून राहिला.

बॅच फाइलमध्ये (विंडोजच्या स्क्रिप्टमध्ये) हा आकडा तपासणाऱ्या ‘इफ एररलेव्हल ८’ याचा अर्थ ‘८ किंवा जास्त’ असाच होतो, त्यामुळे इथे तो नेमका कामाला येतो. मात्र तपासणी रोबोकॉपीच्या लगेच पुढच्या ओळीत हवी. मध्ये दुसरी कमांड आली की आकडा बदलू शकतो. सगळे ठीक असेल तर शेवटी ‘एक्झिट /बी ०’ लिहा, नाहीतर शेड्युलर चांगल्या कामापुढेही १ दाखवत राहील.

पायथनसारख्या भाषेतून ‘कॉपी’ थेट बोलावली की ‘फाइल सापडत नाही’ असे उत्तर येते. कारण कॉपी हा स्वतंत्र प्रोग्रॅम नाही, ती सीएमडीच्या, म्हणजे काळ्या खिडकीच्या प्रोग्रॅमच्या, पोटातली कमांड आहे. ‘सीएमडी /सी’ जोडून ती चालते, पण फाइल हाताळायचे पायथनचे स्वतःचे शटिल वापरणे बरे.

लिनक्सवाल्यांसाठी दोनच गोष्टी. क्रॉनमध्ये (लिनक्सच्या शेड्युलरमध्ये) प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ही पाथची यादी तोकडी असते, म्हणून प्रोग्रॅमचाही पूर्ण पाथ द्या. आणि क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांच्या यादीच्या) ओळीत टक्क्याचे चिन्ह आले तर तिथे ओळ तुटते. फाइलला तारखेचे नाव देताना त्या चिन्हाआधी बॅकस्लॅश लावा.

‘/एमआयआर’ला हात लावण्यापूर्वी

रोबोकॉपीचा हा स्विच दोन्ही फोल्डर हुबेहूब सारखी करतो, म्हणजे मूळ ठिकाणी नसलेली फाइल बॅकअपमधूनही पुसतो. दोन पाथ चुकून उलटे लिहिले किंवा मूळ फोल्डर रिकामे निघाले, तर रिकामेपणाचीच नक्कल होते. आधी ‘/एल’ लावून चालवा. मग काहीही न हलवता तो फक्त काय नेणार आणि काय पुसणार याची यादी देतो. ती यादी पूर्ण वाचा.

चाचणी काळ्या खिडकीत नको. शेड्युलरमध्येच त्या कामावर उजवी क्लिक करून ‘रन’ करा, म्हणजे रात्रीचेच खाते वापरले जाईल. तरीही अडले तर आम्हाला तीन गोष्टी पाठवा: ‘/लॉग+’ ने लिहिलेली लॉग फाइल, शेड्युलरमधल्या ‘लास्ट रन रिझल्ट’चा आकडा, आणि स्क्रिप्टची मूळ फाइल. स्क्रिप्टचा फोटो मात्र पाठवू नका, त्यात अवतरणचिन्ह सरळ की बाकदार ते कळत नाही.