नहर-ए-अंबरीत पाणी वर कसं चढायचं?

उन्हाळा लागला की आमच्या मराठवाड्यात नळ किती दिवसांनी येणार हीच मोठी बातमी असते, आणि त्या बातमीखाली कोणीतरी हमखास लिहितं की मलिक अंबरच्या काळात विजेशिवाय पाणी वर चढायचं, ते गूढ ज्ञान आता हरवलं. अहो, गूढ काही नाही त्यात, शाळेत शिकलेलंच विज्ञान आहे, पण ते इतकं भारी वापरलंय की नीट सांगायलाच पाहिजे.

गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस पुढं अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, म्हणजे नंतरचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, आणि १६१७ च्या सुमारास शहराला पाणी आणणारी भुयारी नहर, म्हणजे नहर-ए-अंबरी, हाती घेतली. शहराच्या उत्तरेला हर्सूलकडं डोंगर आहेत. आपला काळा पाषाण पाणी सोडत नाही, पण त्याच्यावरचा मुरूम आणि भेगाळलेला खडक पाणी धरून ठेवतो. त्यात भुयार खणलं, हलका उतार दिला, की पाणी झिरपत झिरपत शहराकडं निघतं. (तळहातावर नारळ उभा करून बोअरचा पॉईंट सांगणारे अजून गावोगाव फिरतात. लागलेल्या बोअरची चर्चा वर्षभर चालते, कोरड्या गेलेल्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. नहरीला उतार मोजावा लागतो, तिथं नारळ चालत नाही.)

आता खरी गंमत. गवंड्याची लेव्हलची नळी बघा, मधे कितीही खाली लोंबू द्या, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला येतं. भुयारातलं पाणी पुढं बंद नळात जायचं, आणि वाटेवरच्या उभ्या मनोऱ्यांत वर चढायचं ते असंच, कारण उगम मनोऱ्याच्या माथ्याहून उंच. लोक याला सायफन म्हणतात, पण तो खरा सायफन नाही. खऱ्या सायफनमध्ये नळी उगमाच्याही वर जाते आणि तिथं हवेचा दाब पाणी ढकलतो, त्यामुळं आपल्या शहराच्या उंचीवर ती मजल साधारण साडेनऊ मीटरलाच संपते. इथं ती मर्यादाच लागू नाही.

मग मनोरे कशाला? दाबासाठी! पाण्याचा स्तंभ दर दहा मीटरला चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब टाकतो. उगम तीस मीटर वर असेल आणि मधे कुठंच नळ उघडा नसेल तर खाली तीन किलो, एवढ्यात भाजलेल्या मातीच्या नळाचे सांधे गळायला लागतात. मनोऱ्यात पाणी वर चढतं, माथ्यावर उघड्या हौदात येतं, तिथं दाब शून्य, मग दुसऱ्या नळानं खाली उतरून पुढं जातं. पुढच्या मनोऱ्याचा माथा थोडा खाली ठेवला की झालं. वर नळात साठलेली हवाही तिथंच निघून जाते, नाहीतर ती अडकून पाणी तुंबतं. पाणचक्की बघायला जाता ना, तिथंही पाणी उंच भिंतीवर असंच चढतं, फक्त ती नहर वेगळी, अंबरची नाही.

आज उलटं झालंय, शहराचं पाणी खालच्या जायकवाडी धरणातून येतं. धरण भरलं तरी पाण्याची पातळी १५२२ फूट, म्हणजे ४६४ मीटर, आणि शहर ५७० च्या आसपास. शंभर मीटरच्या वर पंपानं उचलायचं म्हणजे नुसत्या चढाचाच दहा किलो दाब, नळातलं घर्षण वेगळं.

आणि नळ आठवडाभर बंद राहिला की शहरातल्या पाइपातला दाब शून्यावर येतो, कधी त्याहूनही खाली, कारण उतारावरचं पाणी निघून जाताना मागं ओढ लागते. शेजारून ड्रेनेजची लाइन जात असेल आणि दोन्ही फुटक्या असतील तर घाण आत ओढली जाते. नळ आल्यावर पहिलं पाणी गढूळ आणि वासाचं येतं त्यामागं बऱ्याचदा हेच असतं. चोवीस तास पाणी मागणं याला लोक चैन समजतात, पण पाइपात कायम दाब असला तर फुटक्या जागेतून पाणी बाहेर जाईल, घाण आत येणार नाही. तोवर पहिली बादली पिण्यासाठी भरू नका, आणि नंतरचं पाणी स्वच्छ दिसलं तरी उकळून घ्या.