परदेशात मुलांसोबत स्वयंसेवा : अर्ज भरण्याआधी हे वाचा

आमच्याकडे येणारे बरेच जण पहिल्याच भेटीत विचारतात, "अनाथाश्रमात काम मिळेल का?" नाही मिळणार. आम्ही अनाथाश्रमात कुणालाच पाठवत नाही.

कारण सांगतो. नेपाळ, कंबोडियासारख्या देशांतल्या अनाथाश्रमांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबीपायी किंवा शिक्षणाच्या आशेने घरच्यांनी त्यांना तिथे ठेवलेलं असतं. काहींना दलाल गोड बोलून घेऊन आलेले असतात. परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येत राहिल्या की मुलं गोळा करण्याचाच धंदा होतो. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेमुळे होणारं नुकसान रोखायला सांगितलं, ते याचसाठी. शिवाय दर महिन्याला एक नवी ताई येणार, जीव लावणार आणि निघून जाणार, हे मुलांनी किती वेळा सोसायचं?

मग काम कसलं? स्थानिक शाळेत, तिथल्या शिक्षिकेच्या हाताखाली. वर्ग तिचा, तुम्ही मदतनीस. मागच्या बाकावरच्या चौघा-पाचांना घेऊन वाचन करून घ्यायचं, वह्या तपासायच्या, खेळाच्या तासाला मैदानावर असायचं. मुलांना एकट्याने शिकवायला मिळेल या अपेक्षेने येणारे इथे हिरमुसतात. पण तुम्ही गेल्यावरही वर्ग चालू राहायला हवा ना. आठ आठवड्यांपेक्षा कमी मुदतीसाठी आम्ही अर्ज घेत नाही, कारण पहिले दोन आठवडे मुलांची नावं पाठ होण्यातच जातात.

नियम थोडेच आहेत, पण त्यांत सवलत नाही. कोणत्याही मुलासोबत बंद खोलीत एकटं थांबायचं नाही. शाळेच्या आणि पालकांच्या परवानगीशिवाय फोटो काढायचे नाहीत. मिळाली तरी मुलाचं नाव आणि शाळा ओळखू येईल असं काही समाजमाध्यमांवर टाकायचं नाही. मुलांना भेटवस्तू वाटायच्या नाहीत. हा शेवटचा नियम आम्ही चूक करून शिकलो. आमच्या एका स्वयंसेविकेने कौतुकाने रंगीत पेनं नेली होती. पेनं तीस, मुलं बेचाळीस. बारा जणांची रडारड झाली, आणि पुढचा आठवडाभर ती वर्गात शिरली की सगळ्यांचं लक्ष फळ्याऐवजी तिच्या पिशवीकडे. काही द्यायचंच असेल तर मुख्याध्यापकांना विचारून शाळेला द्या.

नव्या संस्कृतीचं म्हणाल, तर ती सणासमारंभापेक्षा रोजच्या वागण्यात जास्त भेटते. टांझानियात लहान मूल मोठ्या माणसाला 'शिकामो' म्हणतं आणि मोठ्याने 'मराहाबा' असं उत्तर द्यायचं असतं. तुम्ही नुसतं हसून पुढे गेलात, तर त्या पोराने केलेला मान तुम्ही घेतलाच नाही असं होतं. थायलंडमध्ये डोकं पवित्र मानतात, त्यामुळे कौतुकाने मुलाच्या डोक्यावर हात फिरवायची आपली सवय तिथे आवरावी लागते. निघण्याआधी आमच्याकडे तीन दिवसांचं शिबिर असतं, त्यात हे सगळं येतं. भाषेची निदान पन्नास वाक्यं मात्र तुम्हीच पाठ करून यायची.

आता कागदपत्रं. बिनपगारी कामही अनेक देशांत कामच धरतात, त्यामुळे पर्यटक व्हिसावर जाऊन शाळेत शिकवणं महागात पडू शकतं. योग्य व्हिसा कोणता हे आम्ही त्या देशाच्या दूतावासाकडून लेखी घेतो. बऱ्याच देशांना पासपोर्टची मुदत पुढे किमान सहा महिने लागते. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणि ओळखणाऱ्या दोघांची शिफारसपत्रं लागतातच, अर्जदार कितीही जवळच्या ओळखीतला असो. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांसाठी पीतज्वराची लस घ्यावी लागते. तिचं प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, तेव्हा ती शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

शुल्कातला किती भाग शाळेला जातो, किती राहण्या-जेवणाला आणि किती आम्ही ठेवतो, हे पावतीवर वेगवेगळं लिहिलेलं असतं. नसेल तर मागा. दुसऱ्या कुणाकडून जात असाल, तरी मागा.

पहिल्या भेटीला कागदपत्रं आणायची गरज नाही. तासभर बोलू. आम्ही विचारू की लहान मुलांसोबत याआधी कुठे काम केलंय. केलं नसेल, तर आधी काही महिने राहत्या ठिकाणच्या एखाद्या शाळेत मदत करून या, असं सांगू. तुमचा अर्ज तोवर आम्ही जपून ठेवतो.