कॉन्स्टंटाइनची कमान : नवा सम्राट, जुनी शिल्पे

ऑक्टोबर ३१२ मध्ये रोमबाहेरच्या मिल्व्हियन पुलाजवळच्या लढाईत कॉन्स्टंटाइनने मॅक्सेंटियसला हरवले आणि दुसऱ्या दिवशी तो रोममध्ये शिरला. पण हा विजय मिरवणे अवघड होते. मॅक्सेंटियस कोणी परका शत्रू नव्हता; रोममध्येच राहून सहा वर्षे राज्य केलेला तो सम्राट होता. कॉन्स्टंटाइनला सैन्याने सम्राट केले ते दूर ब्रिटनमध्ये, आणि रोमशी त्याचा संबंध बेताचाच. बाहेरून आलेल्या या माणसाला रोमचा म्हणून दाखवण्याचे काम कोलोसियमशेजारी उभारलेल्या, ३१५ मध्ये अर्पण झालेल्या या तिहेरी कमानीने केले.

सुमारे २१ मीटर उंचीच्या या कमानीवरची बरीचशी शिल्पे तिच्यासाठी घडवलेलीच नाहीत. युद्धाचे पट्ट आणि डेशियन (डॅन्यूबपलीकडच्या डेशियातल्या) कैद्यांचे पुतळे ट्रेजनच्या काळातले, शिकार आणि यज्ञाची आठ वर्तुळे हेड्रियनच्या काळातली, माथ्यावरचे आठ फलक मार्कस ऑरेलियसचे. दुसऱ्या शतकातले हे तिघेही रोमन स्मृतीत चांगले राज्यकर्ते म्हणून गणलेले. त्यांची डोकी नव्याने कोरून तिथे कॉन्स्टंटाइन आणला गेला.

नव्याने कोरलेल्या अरुंद पट्टीत व्हेरोनाचा वेढा, पुलाजवळची लढाई, फोरममधले (रोमच्या मुख्य चौकातले) भाषण आणि पैशांचे वाटप दिसते. माणसे ठेंगणी, एका रांगेत, समोर तोंड करून. सोळाव्या शतकातला चित्रकार राफाएल याला कमानीची बांधणी आवडली, ही शिल्पे मात्र नाही; पोप दहावा लिओ याला लिहिलेल्या पत्रात त्याने तसे स्पष्ट म्हटले आहे. पुढे बराच काळ हीच समजूत चालली की चांगले कारागीर उरले नव्हते, म्हणून जुना माल वापरला. घाई आणि काटकसर असेलही, पण केवळ दगड हवे असते तर चेहरे बदलण्याची मेहनत कोणी घेतली नसती.

कोरीव लेखात मॅक्सेंटियसचे नाव नाही, तो नुसता ‘जुलमी’ आहे. विजयाचे श्रेय ‘दैवी प्रेरणेला’ दिले आहे, पण देव कोणता ते सांगितलेले नाही. कॉन्स्टंटाइन पुढे ख्रिस्ती धर्माचा पाठीराखा म्हणून ओळखला गेला, पण इथे क्रूस कुठेच नाही. पूर्व बाजूला सूर्यदेव रथातून वर येतो आहे, पश्चिमेला चंद्रदेवी मावळते आहे. ही कमान सिनेट आणि रोमन जनतेच्या नावाने उभारलेली होती, आणि सिनेटमधले बहुतेक लोक तेव्हा जुन्याच देवांना मानणारे होते.