शिकागो ते न्यू जर्सी: तेरा मिलिसेकंदांची वाट

काचेच्या फायबरमधून प्रकाश मोकळ्या जागेतल्यापेक्षा जवळपास एकतृतीयांश हळू धावतो. काचेचा अपवर्तनांक (प्रकाश किती पटीने मंदावतो तो आकडा) १.४७ च्या आसपास, त्यामुळे वेग सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या थोडा वर. नेटवर्कवाल्यांचा तोंडी हिशेब सोपा आहे: एका किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद, जाऊन-येऊन दहा. काच बदलता येत नसेल, तर कमी करण्याजोगी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे अंतर.

हे अंतर शेअर बाजाराने मनावर घेतले. अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या एस अँड पी ५०० निर्देशांकाचे फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, शिकागोत चालतात, तर त्याच निर्देशांकातल्या शेअरांचे व्यवहार न्यू जर्सीतल्या डेटा सेंटरांत होतात. इकडे भाव हलला की तिकडेही हलणार, हे सगळ्यांनाच ठाऊक असते. तिकडे आधी पोचेल त्याचा फायदा. पण दोन्ही टोकांना जोडणारे जुने फायबर मुख्यतः रेल्वेमार्गांच्या कडेने टाकलेले होते. डोंगर आला की रूळ वळतात आणि रुळांबरोबर केबलही वळते.

डॅन स्पायव्ही यांच्या डोक्यातून निघालेल्या स्प्रेड नेटवर्क्स या कंपनीने ही वळणेच काढून टाकायचे ठरवले. नेटस्केप या ब्राउझर कंपनीचे माजी प्रमुख जिम बार्क्सडेल यांनी पैसा घातला. काम गाजावाजा न करता चालले, पेनसिल्व्हेनियातल्या ॲलिगेनी डोंगरांतून आरपार छिद्रे पाडली गेली आणि ऑगस्ट २०१० मध्ये सुमारे १,३३० किलोमीटरची लाइन सुरू झाली. खर्च ३० कोटी डॉलरच्या घरात असल्याचे छापून आले. जाण्या-येण्याचा वेळ सव्वातेरा मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे वरचा तोंडी हिशेब चोख निघाला.

खरी कसरत मात्र खोदाईनंतर सुरू होते. फायबरमध्ये प्रकाश क्षीण होतो, म्हणून साधारण ८० किलोमीटरवर ॲम्प्लिफायर लागतो. शिवाय प्रकाशाचे स्पंद वाटेत पसरतात. हा पसारा आवरण्यासाठी पूर्वी खास फायबरची भलीमोठी वेटोळी जोडत, आणि प्रकाशाला त्या वेटोळ्यांतूनही धावावे लागे. कमी लेटन्सीच्या, म्हणजे कमी विलंबाच्या, लाइनवर त्यांच्या जागी बोटभर लांबीची जाळी, म्हणजे ग्रेटिंग, वापरतात. दुरुस्तीसाठी चेंबरमध्ये गुंडाळून ठेवलेली जास्तीची केबलही इथे डोळ्यांत सलते. वीस मीटर म्हणजे शंभर नॅनोसेकंद! चाचणीच्या वेळी ओटीडीआर (फायबरमध्ये स्पंद सोडून परत येणारा प्रकाश मोजणारे यंत्र) लावून प्रत्येक स्प्लाइसचा, म्हणजे फायबरच्या सांध्याचा, लॉस (प्रकाशाची घट) पाहतात. गंमत अशी, की हे यंत्र काचेची लांबी सांगते, जमिनीवरची नव्हे. केबलच्या आत फायबर पीळ घेत जातात, त्यामुळे ती लांबी नकाशापेक्षा नेहमी थोडी जास्तच भरते.

एवढे करूनही ही लाइन फार काळ राजा राहिली नाही. हवेत प्रकाश जवळपास पूर्ण वेगाने जातो, म्हणून २०१२ पर्यंत टॉवरवरून टॉवरवर जाणाऱ्या मायक्रोवेव्हने, म्हणजे प्रकाशाच्याच वेगाने धावणाऱ्या रेडिओ लहरींनी, हाच प्रवास सुमारे ९ मिलिसेकंदांवर आणला. पावसात मायक्रोवेव्ह डळमळतो आणि त्यातून फारसा डेटाही मावत नाही, पण भाव कळवायला कितीसा डेटा लागतो? २०१७ मध्ये स्प्रेड नेटवर्क्स विकत घ्यायचे झायो या फायबर कंपनीने ठरवले, तेव्हा किंमत होती १२.७ कोटी डॉलर.

समुद्रावर टॉवर उभे करता येत नाहीत, म्हणून तिथे फायबरला भाव राहिला. २०१५ मध्ये हिबर्निया एक्सप्रेस या समुद्राखालच्या केबलने न्यू यॉर्क–लंडन फेरी ५९ मिलिसेकंदांच्या खाली आणली, तीही वाट आखडती घेऊनच.

आता काचच बाजूला सारण्याचा प्रयत्न चालू आहे. साउदॅम्प्टन विद्यापीठात घडलेल्या पोकळ गाभ्याच्या फायबरमध्ये प्रकाश हवेतून जातो. तिथून निघालेली लुमेनिसिटी ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये विकत घेतली. शिकागोच्या त्याच चरात हे फायबर टाकले, तर फेरी ९ मिलिसेकंदांच्या आसपास बसेल. तरीही मायक्रोवेव्ह थोडा पुढेच राहील, कारण चर कितीही सरळ खोदला तरी टॉवरांची रेघ त्याहून सरळ असते.