खेळाबाहेरचं वर्तन आणि करारातली कलमं: अमेरिकी कॉलेज फुटबॉलची पार्श्वभूमी

१० डिसेंबर २०२५ रोजी मिशिगन विद्यापीठाने आपले फुटबॉलचे मुख्य प्रशिक्षक शेरोन मूर यांना बडतर्फ केलं. संघ हरला म्हणून नव्हे. कर्मचारीवर्गातल्या एका व्यक्तीशी त्यांचे अनुचित संबंध असल्याचा विश्वासार्ह पुरावा चौकशीत मिळाला, असं विद्यापीठाने जाहीर केलं. ही बडतर्फी ‘सकारण’ होती, म्हणजे कराराचे उरलेले पैसे देण्याची जबाबदारी विद्यापीठाने आपल्यावर घेतली नाही. अशा प्रकरणांत नैतिकतेवर भाषणं होतात ती बाहेर. आत बसलेले वकील करारातली कलमं चाळत असतात.

इथलं फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा सॉकर नव्हे, हेल्मेट घालून खेळतात तो खेळ. मिशिगनच्या मैदानावर एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात, म्हणजे तीन वानखेडे भरतील इतके. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे राज्य विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक. कागदोपत्री त्याचे वरिष्ठ असलेले क्रीडा संचालक आणि विद्यापीठाचे अध्यक्ष यांचा पगार सहसा त्याच्या जवळपासही जात नाही. मग शिक्षा करायची कोणी?

एनसीएए ही कॉलेज खेळांची मध्यवर्ती संस्था हे काम करत असेल असं बाहेरून वाटतं. पण तिची नियमावली खेळाडूंची भरती, त्यांची शैक्षणिक पात्रता, त्यांना मिळणारे फायदे याभोवती बांधलेली आहे. प्रशिक्षकाच्या खासगी वागण्याला त्यात जवळजवळ जागाच नाही. त्यामुळे ज्याने नेमलं त्यानेच काढायचं, ही पद्धत पडली.

या शतकाच्या सुरुवातीला हे फार झटपट चालायचं. डिसेंबर २००१ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाने जॉर्ज ओलिअरी यांना नेमलं आणि पाच दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. बायोडेटामध्ये न मिळवलेली पदव्युत्तर पदवी लिहिली होती. मे २००३ मध्ये अलाबामाने माइक प्राइस यांना फ्लोरिडातल्या एका स्ट्रिप क्लबच्या भेटीवरून काढलं. ते एकही सामना न खेळवता गेले. त्यांच्या सात वर्षांच्या, सुमारे एक कोटी डॉलरच्या करारावर तोवर सह्याच झाल्या नव्हत्या, त्यामुळे विद्यापीठाचे हात मोकळे होते. पुढच्याच महिन्यात वॉशिंग्टन विद्यापीठाने रिक न्यूहायझल यांना बास्केटबॉलवर पैज लावल्याबद्दल घालवलं. त्यांच्याकडे मात्र पक्का करार होता. ते कोर्टात गेले आणि २००५ मध्ये विद्यापीठ व एनसीएए यांच्याकडून मिळून ४५ लाख डॉलरची तडजोड पदरात पाडून घेतली. यातून धडा दोन्ही बाजूंनी घेतला. करारातलं ‘कारण’ या सदराखालचं कलम तेव्हापासून लांबतच गेलं.

या कलमाची ताकद दिसली ती अर्कान्सॉमध्ये. १ एप्रिल २०१२ ला प्रशिक्षक बॉबी पेट्रिनो यांची मोटारसायकल घसरली. दोन दिवसांनी मानेला पट्टा, चेहऱ्यावर खरचटल्याच्या खुणा, अशा अवतारात ते पत्रकारांसमोर आले. आपण एकटेच होतो, असंच चित्र त्यांनी उभं केलं होतं. पोलिसांचा अहवाल बाहेर आला तेव्हा मागच्या सीटवर पंचवीस वर्षांची एक तरुणी होती हे उघड झालं. त्यांनीच तिला नुकतं आपल्या विभागात नोकरीला घेतलं होतं, त्या जागेसाठी दीडशेवर अर्ज आले होते आणि तिला त्यांनी २० हजार डॉलर दिले होते. १० एप्रिलला क्रीडा संचालक जेफ लाँग यांनी दाटल्या गळ्याने बडतर्फी जाहीर केली. आदल्या हंगामात या माणसाने तेरापैकी अकरा सामने जिंकून दिले होते. विनाकारण काढलं असतं तर सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर मोजावे लागले असते. काहीच द्यावं लागलं नाही. प्रेमप्रकरण निसटलं असतं कदाचित. वरिष्ठांशी खोटं बोलणं आणि नेमणुकीतला पक्षपात निसटला नाही.

तोवर प्रश्नाचं स्वरूपच बदललं होतं. नोव्हेंबर २०११ मध्ये पेन स्टेटचा माजी सहाय्यक प्रशिक्षक जेरी सँडस्की याच्यावर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप ठेवले गेले, आणि प्रशिक्षकाने काय केलं याऐवजी त्याला काय माहीत होतं हे विचारलं जाऊ लागलं. पेन स्टेटचे मुख्य प्रशिक्षक जो पटर्नो ४०९ विजयांचे धनी, त्या गावात जवळजवळ दैवत. ९ नोव्हेंबरच्या रात्री त्यांच्या दारात एक चिठ्ठी पोचवली गेली, तिच्यावर फोन नंबर होता. त्यांनी तो फिरवला आणि विश्वस्तांच्या उपाध्यक्षांनी त्यांना काढल्याचं सांगितलं. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, एका वाहिनीची गाडी उलटवली गेली. एनसीएएनेही या वेळी उडी घेतली: २०१२ मध्ये ६ कोटी डॉलरचा दंड, शंभराहून अधिक विजय रद्द. २०१५ मध्ये ते विजय परत द्यावे लागले. बेलर विद्यापीठात खेळाडूंविरुद्धच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी दाबल्या गेल्यावरून २०१६ मध्ये प्रशिक्षक आर्ट ब्राइल्स गेले, पण २०२१ मध्ये एनसीएएच्या समितीने निकाल दिला की त्या तक्रारी न कळवणं आपल्या नियमांखाली गुन्हा ठरत नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर, आणि तरीही वाचताना संताप येतो असा निकाल.

मग विद्यापीठांनी हे काम बाहेरच्या मोठ्या लॉ फर्मकडे द्यायला सुरुवात केली. पगारी रजा, चौकशी, अहवाल, मग विश्वस्तांची बैठक, असा क्रम ठरून गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये ओहायो स्टेटचे अर्बन मायर यांच्यावर आरोप आला की सहाय्यकाने पत्नीला मारहाण केल्याच्या तक्रारी ठाऊक असूनही त्यांनी ते नाकारलं. दोन आठवडे चौकशी झाली, विश्वस्त दिवसभर बसले आणि तीन सामन्यांचं निलंबन निघालं. अहवालात एक बारीक गोष्ट आहे. बातमी फुटली त्या दिवशी मायर यांनी एका सहकाऱ्याशी फोनची सेटिंग बदलण्याबद्दल बोलणं केलं होतं, एक वर्षापूर्वीचे संदेश उडून जावेत म्हणून. तरीही मायर जाणूनबुजून खोटं बोलले नाहीत, असा निष्कर्ष निघाला.

याच विद्यापीठात २०११ मध्ये तेव्हाचे प्रशिक्षक जिम ट्रेसल यांनी खेळाडूंच्या नियमभंगाची माहिती दडवली होती. दोन सामन्यांचं निलंबन आणि अडीच लाख डॉलरचा दंड, ही पहिली शिक्षा. त्यांना काढणार का, असं विचारल्यावर अध्यक्ष गॉर्डन गी म्हणाले होते की प्रशिक्षकांनी मला काढू नये एवढीच आशा आहे. विनोदच तो, पण सगळे समजून चुकले. मे महिन्याअखेर ट्रेसल यांनाच जावं लागलं.

पहिली शिक्षा टिकत नाही, हे तर पुढे नेहमीचंच झालं. मेरीलँडमध्ये सरावादरम्यान उष्माघात होऊन एका खेळाडूचा जीव गेला. ३० ऑक्टोबर २०१८ ला तिथले प्रशिक्षक डीजे डर्किन यांना कामावर परत घेतलं गेलं, ३१ ला काढलं गेलं. नॉर्थवेस्टर्नने ७ जुलै २०२३ ला पॅट फिट्झजेराल्ड यांना संघातल्या रॅगिंगवरून दोन आठवडे बिनपगारी निलंबित केलं. दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या दैनिकाने तपशील छापला आणि १० तारखेला ते बडतर्फ झाले. त्यांनी १३ कोटी डॉलरचा दावा ठोकला, २०२५ मध्ये तडजोड झाली.

सरकारी विद्यापीठांना असं तडकाफडकी करणं अवघड असतं. १९८५ च्या लाउडरमिल निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नोकरीवर कायदेशीर हक्क असलेल्या सरकारी नोकराला काढण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. म्हणून मिशिगन स्टेटने सप्टेंबर २०२३ मध्ये मेल टकर यांना आधी निलंबित केलं, १८ तारखेला बडतर्फीच्या इराद्याचं पत्र दिलं, उत्तरासाठी आठवडाभर थांबून २७ ला काढलं. लैंगिक हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या, त्यांच्याच संघापुढे बोलायला आलेल्या एका कार्यकर्तीने छळाची तक्रार केली होती. दोघांच्या संमतीने घडलं, असं टकर यांचं म्हणणं. विद्यापीठाला मात्र करारातलं एक वाक्य पुरलं: ज्याने संस्थेची लोकांत नाचक्की होईल असं वर्तन. साडेनऊ कोटी डॉलरच्या करारातले सुमारे ८ कोटी उरले होते. ते दिले नाहीत. त्याच हंगामात टेक्सास ए अँड एमने जिंबो फिशर यांना निव्वळ संघ चालेना म्हणून काढलं आणि ७ कोटी ६० लाखांच्या आसपास रक्कम मान्य केली. एवढा फरक असल्यावर विद्यापीठं वर्तनातलं ‘कारण’ किती बारकाईने शोधत असतील, याचा अंदाज कोणालाही येईल.

शोधणारे बाहेरचेही असतात. मिसिसिपी विद्यापीठाचे ह्यू फ्रीझ २०१७ मध्ये गेले ते विद्यापीठावर खटला भरलेल्या एका माजी प्रशिक्षकाच्या वकिलाने, आपल्याकडच्या माहिती अधिकारासारख्या कायद्याखाली मागवलेल्या फोन बिलांमुळे. विद्यापीठाच्या फोनवरून एस्कॉर्ट सेवेशी जोडलेल्या नंबरला एक मिनिटाचा एक कॉल होता. अधिक खोदल्यावर तो एकटा नव्हता असं दिसलं आणि त्यांनी राजीनामा दिला.

पण शिक्षा त्या एका विद्यापीठापुरती असते; दुसऱ्याने नेमू नये असं सांगणारं कोणी नाही. फ्रीझ दीड वर्षात लिबर्टी विद्यापीठात रुजू झाले, तिथून ऑबर्नला गेले. पेट्रिनो वर्षभरात पुन्हा मुख्य प्रशिक्षक झाले, २०२४ मध्ये अर्कान्सॉतच सहाय्यक म्हणून परतले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिथला मुख्य प्रशिक्षक काढला गेल्यावर संघाची हंगामी सूत्रं त्यांच्याकडेच आली.