एक भिंत, ऐंशी खातेदार: बरगंडीच्या वाइनमागची गोष्ट

बरगंडीची बाटली हातात घेतली की पहिला घोटाळा लेबलपाशीच होतो. द्राक्ष कुठलं ते बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. गावाचं नाव असतं, नाहीतर शेताचं, आणि खाली बारीक अक्षरांत वाइन करणाऱ्याचं. 'क्लो द वूजो' ही अक्षरं दहा बाटल्यांवर दिसतात, त्या दहाही वेगवेगळ्या माणसांच्या असतात आणि त्यांच्या किमतींत दुपटी-तिपटीचा फरक असतो. खोटी मात्र त्यातली एकही नसते. क्लो द वूजो हे साधारण ५० हेक्टरचं, म्हणजे सव्वाशे एकरांचं एकच शेत आहे. भोवती दगडी भिंत, आणि आत जवळपास ८० खातेदार. कोणाकडे काही एकर, तर कोणाकडे वेलींच्या चार-दोन ओळी. ज्याच्या घरात एका गटाचे हिस्से पाच चुलतभावांत पडले आहेत, त्याला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. बरगंडी कळायला जिभेआधी सातबारा आणि फेरफार वाचायची सवय जास्त उपयोगी पडते, असं माझं मत आहे.

या प्रदेशाला फ्रेंच लोक 'बूरगोन्य' म्हणतात; आपल्याकडे इंग्रजांमार्फत 'बरगंडी' आलं. त्याचा गाभा म्हणजे कोत दोर. दिजों शहरापासून दक्षिणेला सांतने गावापर्यंत जेमतेम ५०-६० किलोमीटर पसरलेला एका बुटक्या टेकडीचा पूर्वेकडचा उतार. माथ्यावर झाडी, पायथ्याशी गावं आणि मधल्या पट्ट्यात द्राक्षबागा. जमीन चुनखडीची आणि चुनखडीमिश्रित चिकणमातीची, जुरासिक काळातल्या समुद्रतळाची. वरच्या बाजूला माती पातळ आणि हवा थंड. अगदी खाली माती जाड, पाणी धरून ठेवणारी. उत्तम द्राक्ष मधल्या पट्ट्यात पिकतं. लाल वाइनला पिनो न्वार आणि पांढरीला शार्दोने, एवढ्या दोन जातींवर इथला मुख्य कारभार चालतो. पिनो न्वार हे पातळ सालीचं, लवकर कुजणारं, लाडावलेलं द्राक्ष आहे. पण जमिनीत चार पावलांवर फरक पडला तर तो त्याच्या वाइनमध्ये उतरतो, अशी त्याची ख्याती आहे. म्हणून इथे प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र नाव आणि ठरलेली हद्द. अशा तुकड्याला ते 'क्लिमा' म्हणतात. शब्द हवामानाचा असला तरी इथे अर्थ शेताचा. अशा १,२४७ क्लिमांचा हा पट्टा २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

बागा इथे रोमन काळापासून आहेत. जव्हरे-शांबेर्तां गावाजवळ उत्खननात पहिल्या शतकातल्या द्राक्षबागेच्या खुणा सापडल्या आहेत. लेखी पुरावा त्याहून मजेदार आहे. इ.स. ३१२ च्या सुमारास ओतँ शहराच्या वतीने सम्राट कॉन्स्टंटाइनपुढे एक भाषण झालं. निमित्त होतं करात मिळालेल्या सवलतीबद्दल आभार मानण्याचं. त्यात वक्त्याने बागांचं रडगाणं गायलं: वेली म्हाताऱ्या झाल्या आहेत, मुळं एकमेकांत गुंतली आहेत, नवी लागण करायला धड खड्डाही घेता येत नाही. बरगंडीच्या बागांचा हा सर्वांत जुना उल्लेख मानला जातो, आणि तो करमाफीच्या संदर्भात आहे. शेतकरी शेवटी शेतकरीच.

नंतरची हजार वर्षं मठांची. ६३० च्या सुमारास बेझच्या मठाला जमीन दान मिळाली. 'क्लो द बेझ' हे नाव आजही बाटलीवर आहे. ९१० मध्ये क्ल्युनीचा मठ उभा राहिला. १०९८ मध्ये मोलेमचा रोबेर काही सोबत्यांना घेऊन सितोच्या दलदलीत गेला आणि तिथे सिस्टर्शियन पंथ सुरू झाला. जुने मठ ऐषारामी झाले अशी या लोकांची तक्रार होती, म्हणून यांनी हाताने काम करण्याचं व्रत घेतलं. सितोची जमीन पाणथळ, द्राक्षाला कुचकामी. तेव्हा जवळच्या वूजोच्या उतारावर दानात आणि खरेदीत तुकडा तुकडा मिळवत त्यांनी मोठी बाग जमवली आणि १३३६ पर्यंत तिला भिंत घातली. हीच ती वर सांगितलेली भिंत. साधू माती चाखून बघत आणि हद्दी ठरवत, अशी दंतकथा सांगतात. माती चाखली असो वा नसो, मठाला वारस नसतो, वाटण्या होत नाहीत, आणि एकाच जमिनीचं निरीक्षण पिढ्यानपिढ्या चालू राहतं. कुठल्या कोपऱ्यातलं बर्फ आधी वितळतं, कुठला घड उशिरा रंग धरतो, याची शेकडो वर्षांची माहिती त्यांच्याकडे साठली. आजच्या हद्दींतल्या बऱ्याचशा तेव्हापासून चालत आल्या आहेत.

१३९५ साली बरगंडीचा ड्यूक धाडसी फिलिप याने एक फर्मान काढलं. प्लेगच्या साथीने गावं ओस पडली होती. हाताशी माणसं कमी, म्हणून शेतकऱ्यांनी गामे नावाचं द्राक्ष लावायला सुरुवात केली होती. ते लवकर पिकतं, भरघोस येतं, लाड मागत नाही. ड्यूकला ते खपलं नाही. गामे ही 'अतिशय वाईट आणि बेइमान' जात आहे, ती उपटून टाका, आणि बागेत शेणखत घालून पीक फुगवू नका, असा हुकूम सुटला. बरगंडीचे चाहते हे फर्मान गुणवत्तेचा पहिला कायदा म्हणून कौतुकाने सांगतात. मला त्यात दुसरी बाजूही दिसते. ड्यूकच्या दरबारी इभ्रतीसाठी पिनो हवं होतं. ज्याला साथीनंतर पोट भरायचं होतं, त्याला गामे हवं होतं. फर्मान निघूनही गामे काही हटलं नाही. एकोणिसाव्या शतकापर्यंत ते या भागात मोठ्या प्रमाणावर टिकून होतं, आणि दक्षिणेला बोजोलेमध्ये तर आजही त्याचंच राज्य आहे.

याच ड्यूक घराण्याचा चान्सलर निकोला रोलँ आणि त्याची बायको गिगोन द सालँ यांनी १४४३ साली बोन गावात गरिबांसाठी इस्पितळ काढलं. रंगीत कौलांचं ते छप्पर फ्रान्सच्या प्रत्येक पर्यटन पत्रकावर असतं. ज्याने इतक्यांना गरीब केलं त्याने त्यांना छप्पर द्यावं हे योग्यच, असा टोमणा राजा अकराव्या लुईने मारल्याचं सांगतात. पुढे दानशूर लोक इस्पितळाला द्राक्षबागा देत गेले. त्या बागांची वाइन १८५९ पासून दरवर्षी लिलावात विकली जाते. लिलाव नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी असतो, आणि वाइन विकतात ती बाटलीत नव्हे, तर २२८ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपांत. पिंपांना दात्यांची नावं असतात, रोलँ नवरा-बायकोचीही. त्या वर्षीच्या भावाचा कल व्यापारी याच लिलावावरून ओळखतात.

एकाच शेताभोवती किती वलय साठू शकतं ते पाहायचं तर व्होन-रोमाने गावात जावं. १७६० साली कोंतीच्या राजपुत्राने तिथली एक लहानशी बाग अवाच्या सवा किमतीला घेतली आणि तिची वाइन स्वतःच्या पंक्तीसाठी राखून ठेवली. राजा पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पोंपादूर हिलाही ती हवी होती म्हणतात, पण ते सांगोवांगी आहे. रोमाने-कोंती हे नाव मात्र राज्यक्रांतीत, बाग जप्त होऊन विक्रीला निघाली तेव्हा रूढ झालं. राजपुत्रांना नकोसं करणाऱ्या क्रांतीने जमीन विकताना त्याचंच नाव वापरलं! ही बाग आहे १.८ हेक्टरची, म्हणजे साडेचार एकरांच्या आतली. तिची १९४५ सालची एक बाटली २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५,५८,००० डॉलरला गेली.

क्रांतीने मठांच्याही जमिनी घेतल्या. क्लो द वूजो १७९१ मध्ये विकला गेला. पण गंमत अशी की तो लगेच फुटला नाही. एकामागून एक मोठ्या मालकांकडे अखंड राहून १८८९ साली पहिल्यांदा त्याचे तुकडे पडले. बाकी कोत दोरमध्ये मात्र १८०४ च्या नेपोलियनच्या कायद्याने काम केलं. सगळ्या मुलांना सारखा वाटा. प्रत्येक मृत्यूनंतर बाग वाटली गेली, प्रत्येक लग्नाने इकडचा तुकडा तिकडे जोडला. आज एखाद्या शेतकऱ्याकडे सहा-सात गावांत मिळून वीस ठिकाणी जमीन असते आणि तो प्रत्येक तुकड्याची वाइन वेगळी करतो. फ्रान्सच्या दुसऱ्या प्रसिद्ध वाइन-प्रदेशात, बोर्दोमध्ये, नाव आणि दर्जा वाड्याला, म्हणजे शातोला असतो. मालकाने शेजारची जमीन घेतली तरी लेबल तेच राहतं. बरगंडीत दर्जा जमिनीला आहे, मालक कोणी का असेना.

मग आलं फिलॉक्सेरा. अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर मुळं खाणारी ही कीड १८६० च्या दशकात फ्रान्सच्या दक्षिणेत दिसली आणि १८७८ मध्ये कोत दोरच्या मर्सो गावात पोचली. युरोपियन वेलीला तिच्यापुढे बचाव नव्हता. शेवटी उपाय सापडला तो किडीच्याच माहेरी: अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराला खुंट आणि कलम ही भाषा रोजची आहे. आपल्याकडचा डॉगरिज हाही मूळ अमेरिकन रानवेलीतून आलेला खुंट; फरक एवढाच की आपण तो क्षारपड जमीन आणि पाण्याचा ताण सोसण्यासाठी वापरतो. बरगंडीत कलमाला आधी विरोध झाला. परकी मुळं म्हणजे वाइन बाटणार, असं लोकांना वाटत होतं. रोमाने-कोंतीच्या मालकांनी जमिनीत रसायनं टोचत जुनी, कलम न केलेली वेल १९४५ पर्यंत जगवली. मग तीही उपटावी लागली, आणि पुढची वाइन एकदम १९५२ ची निघाली.

नावांचा बाजार तोवर तेजीत आला होता. १८४७ साली जव्हरे गावाने आपल्या सर्वांत प्रसिद्ध शेताचं नाव स्वतःला जोडून घेतलं आणि ते जव्हरे-शांबेर्तां झालं. मग इतर गावांनीही तेच केलं. त्यामुळे नवख्याची आजही फसगत होते. नुसतं 'शांबेर्तां' म्हणजे सर्वोच्च दर्जाचं शेत. 'जव्हरे-शांबेर्तां' म्हणजे त्या गावातली कुठलीही बरी जमीन. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्यापारी दक्षिणेतली, अल्जीरियातली दणकट वाइन मिसळून तिच्यावर बरगंडीची नावं चिकटवत. कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरला की कोकणातल्या बागायतदाराचा जसा जळफळाट होतो, तसाच तो तिथे झाला. व्होलनेचे मार्की दांजेरव्हिल आणि नुई-सें-जोर्जचे आंरी गूज यांच्यासारखे मालक व्यापाऱ्यांशी भांडले आणि स्वतःच्या घरी बाटल्या भरू लागले. १९३५ च्या कायद्याने नावांना संरक्षण मिळालं. कुठली जमीन कुठल्या पायरीची, हे ठरवताना डॉ. लावाल यांचं १८५५ चं वर्गीकरण आणि बोनच्या शेतकी समितीचा १८६१ चा नकाशा हाताशी होता. आज सर्वांत वर ३३ ग्रां क्रू आहेत, एकूण उत्पादनात जेमतेम एक टक्का. त्याखाली प्रमिए क्रू, मग गावाच्या नावाची, आणि तळाशी नुसती 'बूरगोन्य'.

एवढं करूनही लबाडी संपली नाही. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात पोंसो घराण्याच्या 'क्लो सें-दनी'च्या १९४५ ते १९७१ सालच्या बाटल्या आल्या. घराण्याचे लोराँ पोंसो स्वतः तिथे हजर झाले, कारण त्यांच्या घराण्याने या शेताची वाइन १९८० च्या दशकाआधी केलीच नव्हती. बाटल्या आणणारा रूडी कुर्नियावन पुढे दोषी ठरला आणि २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. बडे बडे चोखंदळ त्याच्या बाटल्या वर्षानुवर्षं चाखून माना डोलावत होते. त्याला पकडलं ते जिभेने नाही, जमिनीच्या नोंदीने.

म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्याने ग्रां क्रूच्या मागे लागू नये. एकाच मालकाच्या, एकाच सालच्या, दोन शेजारच्या गावांच्या साध्या बाटल्या शेजारी ठेवाव्यात. मोठ्या पोटाचा ग्लास घ्यावा. लाल असली तरी आपल्या खोलीच्या तापमानाला देऊ नये, पंधरा-सोळा अंशांवर ठेवावी. पुण्याच्या मे महिन्यात ती थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावीच लागेल. तरुण पिनोला चेरी, रासबेरीचा वास असतो, मुरलेल्याला ओल्या पाचोळ्याचा, अळंब्यांचा. झणझणीत रश्शाबरोबर ती हमखास हरते.

आता या जुन्या हद्दींची परीक्षा हवामान घेतं आहे. बोनमध्ये द्राक्षतोडणीच्या तारखांची १३५४ पासूनची सलग मालिका अभ्यासकांनी जुळवली आहे. तिच्यानुसार १९८८ नंतर तोडणी आधीच्या सरासरीपेक्षा साधारण १३ दिवस लवकर होते. २००३ साली ती ऑगस्टमध्येच उरकली. वेली लवकर फुटतात आणि उशिराच्या थंडीत सापडतात. एप्रिल २०२१ मध्ये रात्रभर बागांतून हजारो मोठ्या मेणबत्त्या पेटवाव्या लागल्या, जशा निफाडला पारा घसरला की बागेत शेकोट्या पेटतात. उतारावरचे जे उंच, थंड तुकडे पूर्वी दुय्यम म्हणून सोडून दिले होते, तिथली जमीन आता लोक विचारू लागले आहेत.